निधान

बैलहोंगल सोडताना भाच्यानं पिंजरा माझ्या मांडीवर ठेवला,
वरून अक्काची विटलेली इरकल पांघरली.
म्हणाला, मावशी, बेंगळूरच्या फ्लॅटात पाखरू चालत नाही,
आणि आईचं तर तुला ठाऊकच.
ठाऊक होतं. तोंड डावीकडं ओढलेलं,
आणि शब्द कुठं गेले
ते डॉक्टरलाही सांगता येईना.

तर मी, पिंजरा, ईरण्णाची पांढरी गाडी,
पर्समध्ये आलेपाक, मुठीत लिंबू,
आणि बेकरीची एक पिशवी, भोक नाही ना ते फुंकून पाहिलेली.
मला जन्माची गाडी लागते.
अक्काच्या लग्नाला आम्ही टेंपोतून याच रस्त्यानं आलो,
तेव्हा नवरी असून तिनं मुंडावळ्या मागं सारल्या
आणि हिरव्या चुड्याच्या हातानं
माझं कपाळ धरून ठेवलं, मी ओकेपर्यंत.
सासरची माणसं बघत होती.

संपगावच्या पुढं पोपट गप्प झाला.
हिरेबागेवाडीच्या टोलवर पिसं फुगवून बसला,
एक डोळा मिटला, एक माझ्यावर.
काकतीनंतर मान खालीवर करायला लागला,
जणू कुणाच्या तरी म्हणण्याला हो हो हो म्हणतोय,
आणि वंटमुरीच्या वळणावर
त्यानं सकाळची डाळ, पेरूच्या बिया,
थोडं हिरवं पाणी
गजांतून थेट माझ्या पदरावर काढलं.
त्या वासानं मग माझंही.
ईरण्णा, थांब.

रस्त्याच्या कडेला आम्ही दोघं.
मी वाकलेली, तो दांडीला घट्ट.
ट्रक जातील तशी इरकल उडायची.
ईरण्णानं बाटली पुढं केली, चूळ भरा म्हणाला,
मग पिंजऱ्याकडं बघून, मोडक्या मराठीत,
'बाई, आमच्या आजीकडं होता असला.
गाडी लागून ओकतंय, खरं.
मायेनंपण ओकतंय. पिल्लाला भरवतंय की तसंच.
कुठलं कुठलं, आपल्याला कळत नाही.'
मी लिंबू चोखत राहिले.
अशा वेळी माया बिया ऐकवत नाही.

संकेश्वर गेलं. ऊन उतरलं.
मी पुढची सीट धरून लांबचं झाड बघत होते,
एकच झाड बघायचं, असं अक्का सांगायची,
पण झाडं कुठं थांबतात.
स्तवनिधीचा घाट लागला.
ईरण्णाला घरची घाई, गिअर बदलून त्यानं वळण घेतलं
आणि इरकलीच्या आतून
माझी बहीण बोलली.

'निधानऽ, तम्मा, निधान.'

तिचाच तो शेवट लांबवायचा हेल,
जिन्यावरून नातवाला, गडबडीतल्या दूधवाल्याला,
फोनवर रडणाऱ्या मलासुद्धा,
तीस वर्षं कानडी घरात राहून जिभेवर बसलेला.
त्यांच्यात निधान म्हणजे हळू, बेतानं.
आमच्यात काय म्हणजे
ते मी त्या क्षणी कुणाला सांगणार होते?
ईरण्णानं आरशात न बघताच
'आतरी अक्का' म्हटलं
आणि ब्रेकवर पाय ठेवला.
उरलेला घाट आम्ही बैलगाडीसारखा उतरलो.
मागून हॉर्न वाजत होते. वाजू देत.

निपाणीत शिरताना तंबाखूच्या खाटानं
तो दोनदा शिंकला, मी एकदा.
भाच्याचा फोन आला, पोचलात का, त्रास झाला का?
नाही रे, म्हटलं. आई काय करते?
भिंतीकडं बघून बसलीय म्हणाला.

रात्री साडी भिजत घातली, पदर तेवढा बादलीबाहेर राहिला.
पिंजरा जेवणघरात, दिव्याखाली.
बोल की, म्हटलं, आणखी एकदा.
बोलला नाही.
मी बोट गजाशी नेलं तसा जवळ सरकला,
मान खालीवर, खालीवर,
आणि एक ओला, अर्धा चावलेला हरभरा
माझ्या बोटावर ठेवला.

घर काही हलत नव्हतं.